पाच तासांची शिदोरी

मार्चचा शेवटचा आठवडा लागला की दुपारी बाराच्या सुमारास बेसाच्या आकाशात पहिला पांढरा ढग उगवतो, आणि माझा हात आपोआप सातूच्या डब्याकडे जातो. ढग छोटासाच असतो, पिंजलेल्या कापसाच्या मुठीएवढा. बाकीचं नागपूर तेव्हा कूलरच्या ताट्या बदलण्यात गुंतलेलं असतं. मी मात्र डोक्याला दुपट्टा गुंडाळून गच्चीवर वर बघत उभा. शेजारचे हटकतात, ऊन लागेल म्हणतात. त्यांना काय सांगणार, की मी उन्हानं तापून वर निघालेली हवा बघतो आहे म्हणून. हवा दिसत नाही हे मलाही कळतं. पण एका उन्हाळ्यात मी तिच्याकडे इतका वेळ बघत बसलो, की आता ती दिसत नाही असं म्हणायला जीभ रेटत नाही.

माझं गांधीबागेत कापडाचं दुकान आहे. मांजरपाट, मलमल, अस्तर, चादरी, असला घरगुती माल. कापड सोडून तुम्हाला जगातलं काही कळत नाही, असं माझी बायको म्हणायची आणि ते बरोबरच होतं. ती गेली तेव्हा आमची स्नेहल नववीत होती. मग मी वरण-भातापासून सुरुवात करून हळूहळू स्वयंपाक शिकलो. बापलेकीचं आमचं छान जमायचं. भांडायचो, एकमेकांची टिंगल करायचो, रविवारी मिळून गच्ची धुवायचो. काही विषय मात्र घरात कधी निघत नसत. ते तिच्या आईबरोबर गेले होते, आणि ते परत आणावेत असं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला स्नेहलला ग्लायडरचं वेड लागलं. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. लांबच लांब पंख, आत जेमतेम एका माणसाची जागा, वर पारदर्शक झाकण. शहराबाहेर कुहीच्या बाजूला एक जुनी मातीची धावपट्टी आहे. तिथे हौशी मंडळींचा एक क्लब आहे. एक यंत्र लांब तार गुंडाळत ग्लायडरला पतंगासारखं वर खेचतं, वर गेल्यावर तार सुटते, आणि पुढे सगळी भिस्त हवेवर. तापलेल्या जमिनीवरून हवेचा झोत वर चढत असतो. तो सापडला की त्यात घिरट्या घालत वर जायचं, सुटला की दुसरा शोधायचा. पहिल्यांदा मी हे ऐकलं तेव्हा विचारलं, की नाही सापडला तर? ती म्हणाली, मग खाली यायचं बाबा, त्यात काय. तिच्या दृष्टीनं त्यात खरोखरच काही नव्हतं.

धानाची कापणी झालेली रिकामी शेतं एप्रिलमध्ये तव्यासारखी तापतात. आपण ज्या उन्हाला शिव्या घालतो, त्या उन्हासाठी ही मंडळी वर्षभर वाट बघतात. चव्वेचाळीसचा पारा ऐकून चेहरे उजळणारी माणसं मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे पाहिली.

शेवटच्या वर्षाच्या उन्हाळ्यात स्नेहलला एकच गोष्ट हवी होती. एकटीनं, न उतरता, सलग पाच तास उडायचं. ती एक मानाची परीक्षा असते, ती झाली की बिल्ला मिळतो. जूनपासून तिची पुण्याला नोकरी सुरू होणार होती. नव्या नोकरीत सुट्या कुठल्या, आणि तिथून कुहीचं आकाश कुठलं. म्हणजे जे व्हायचं ते एप्रिल आणि मे या दोन महिन्यांतच. तिचे प्रशिक्षक ठवरे सर, हवाई दलातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. ते मला म्हणाले, पोरीला उडता येतं, आता तिनं बसायला शिकलं पाहिजे. आणि पाच तास बसायचं तर पोटात काहीतरी हवं, अंगात पाणी हवं, तेवढं तुम्ही बघा. एवढ्यावर मी फुगलो. मुलीच्या आकाशात माझ्या वाट्याला पहिल्यांदाच काहीतरी काम आलं होतं.

हे काम मी दुकान मांडावं तसं मांडून बसलो. पहिला शोध असा लागला, की उडवणाऱ्याचा उजवा हात विमान वळवायच्या दांडीवर अडकलेला असतो. जे काही खायचं ते डाव्या हातानं. आमच्या घरात डाव्या हातानं घास घेतला तर माझी मोठी बहीण कुसुमबाई अजूनही डोळे वटारते. ती कुहीजवळच्या खेड्यात असते. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, वर कोण पाहून राहिलं गा, खाऊ दे. तिनं परवानगी दिली, पण एक अट घातली. लू लागू नये म्हणून पोरीच्या खिशात कांदा पाहिजेच. तो कांदा स्नेहलनं एकदा नेला. बंद झाकणाखाली दोन तासांत त्याचा असा घमघमाट सुटला, की उतरल्यावर सरांनी ग्लायडर अर्धा तास उघडं ठेवलं.

चिवडा सरांनी पहिल्याच दिवशी बाद केला. एखादा शेंगदाणा घरंगळून पायानं दाबायच्या पट्टीखाली अडकला तर जिवाशी खेळ. वेफर्सचं पाकीट वर पातळ हवेत फुगत गेलं आणि फाटकन फुटलं. विमानाचंच काहीतरी मोडलं असं वाटून माझी पोर घाबरली. केळं चेपून काळं झालं. संत्र्यावर माझा भरवसा होता, नागपूरचा माणूस दुसरं काय देणार. पण सोलताना उडणारा सालीचा रस समोरच्या झाकणावर बसला, की समोरचं सगळं धूसर. मग मी आदल्या संध्याकाळी बसून फोडी सोलायचो, पांढरे धागे काढायचो, एकेक बी टोचून काढायचो, आणि फोडी ओल्या मलमलीत गुंडाळायचो. शेवटी टिकली ती आपली दशमी. दुधात भिजवलेली, मऊ, कोरडी न पडणारी. तिच्यात जवसाची चटणी घालून मी एकेका घासाच्या गुंडाळ्या करायचो. चटणीत तिखट नाही, कारण तिखटाचं बोट डोळ्याला लागलं तर तिथे धुवायला नळ नाही. जवसाची बिनतिखट चटणी करताना माझाच जीव थोडा खालीवर झाला.

पिशवी मी स्वतः शिवली. बाहेरून मांजरपाट, आतून मलमल, डाव्या मांडीला बांधायला नाड्या, चार कप्पे, आणि न बघता बोटांना कळावं म्हणून प्रत्येक कप्प्याच्या काठाला वेगळी शिवण. अशी पिशवी बाजारात मिळणार नाही, हे मी क्लबमधल्या प्रत्येकाला किमान दोनदा सांगितलं असेल.

पहिल्या प्रयत्नाच्या दिवशी मी नागपुरी माणसाला शोभेल अशी चूक केली. पारा पंचेचाळीसला टेकलेला, म्हणून पाण्याची बाटली रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून दगड केली आणि चादरीच्या कापडाचे पाच पदर देऊन गुंडाळली. उन्हात बर्फ वितळेल, पोरीला शेवटपर्यंत गार पाणी मिळेल, असा हिशेब. दोन तास चाळीस मिनिटांनी ती खाली आली. डोकं ठणकत होतं. मी बाटली सोडली तर आत बर्फाचा गोळा शाबूत, कडेला दोन घोट पाणी. तेव्हा मला कळलं की ढगांच्या पायथ्याशी आपल्या माथेरानात असावी तशी हवा असते. खाली आम्ही घामानं निथळत होतो आणि वर ती बाह्या खाली ओढत होती. मी कपाळावर हात मारून घेतला. ती हसली आणि म्हणाली, जाऊ द्या बाबा, होते असं.

दुसऱ्या वेळी मी कुठलीच कसर ठेवली नाही. एका बाटलीत पातळ सातू, कुसुमबाईनं घरी भाजून दळून पाठवलेला, गूळ आणि चिमूटभर मीठ घालून. दुसरीत कैरीचं पन्हं. सर दर अर्ध्या तासानं रेडिओवर एकच शब्द विचारायचे, पाणी? आणि वरून तिचा आवाज यायचा, झालं सर. मी खाली खुर्चीत बसून प्रत्येक 'झालं'ला मान डोलवायचो. तीन तास पन्नास मिनिटांनी ती उतरली आणि उतरल्याबरोबर ओकली. ओठ फाटलेले, चेहरा पांढराफटक. सरांनी बाटल्या उचलून बघितल्या. दोन्ही गळ्यापर्यंत भरलेल्या. सर तिला माझ्यासमोर बोलले नाहीत, पण बाजूला नेऊन बरंच बोलले असावेत. खोटं 'झालं' त्यांना फार लागलं.

मला दुसरंच लागलं. गाडीत मी विचारलं, चव नाही का आवडली? ती म्हणाली, चांगली होती बाबा, तहानच नव्हती. फाटक्या ओठांनी ती हे सांगत होती आणि मी ते ऐकून घेतलं. दोन दिवस मी तिच्याशी तुटक वागलो. खरं तर मी रुसलो होतो, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, सातूवरून. कुसुमबाई म्हणाली जिरं वाढव. मी जिरं वाढवलं. विचारायचं ते सोडून मी भलतंच सगळं करत होतो.

आता मे उजाडला होता. सर म्हणाले, अजून एकदा सोडतो, पण पाणी पिणार नसेल तर ही शेवटची वेळ. घरी स्नेहल खिडकीशी बसून राहायची. तिला काहीतरी सांगायचं आहे आणि ती सांगत नाही, एवढं मलाही दिसत होतं.

मग मी ठरवलं की आपणच पाच तास बसून बघू. माल गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी स्वतः चुरगळून, धुऊन बघायचा, ही आमच्या दुकानाची जुनी रीत आहे. सकाळी अकराला दुकानातल्या खुर्चीत बसलो, अस्तराच्या पट्टीनं स्वतःला बांधून घेतलं, मांडीला पिशवी, पायाशी दोन बाटल्या. आमचे जुने नामदेवराव माझ्या वडिलांच्या वेळेपासून दुकानात आहेत. ते गिऱ्हाईक स्वतःकडे वळवायला लागले. डाव्या हातानं दशमी खाल्ली, संत्र्याची फोड खाल्ली. अर्ध्या तासानं सातू, पुढच्या अर्ध्या तासानं पन्हं. सगळं झकास लागत होतं. मी मनात म्हटलं, हिला आणखी काय पाहिजे?

दीड वाजता मला कळलं.

आधी मी खुर्चीत सरकून बसलो. मग पायावर पाय टाकला, पण ग्लायडरमध्ये ते जमत नाही म्हणून काढला. पावणेदोनला मला समोरचे कापडाचे थान दिसेनासे झाले. दोनला मी पट्टी सोडून मागच्या गल्लीत पळालो. परत आलो तर नामदेवराव शांतपणे म्हणाले, "अजून दोन तास बाकी हायेत ना भाऊ?" मी खाली बसलो. क्लबमध्ये ती सोडून सगळे पुरुष. त्यांच्याकडे त्यासाठी पिशवी असते, नळी असते, ते त्यावर मोठ्यानं विनोदही करतात. माझ्या पोरीनं तो प्रश्न एकटीनं सोडवला होता. आदल्या संध्याकाळपासूनच पाणी बंद करून. सकाळी जेवणाच्या टेबलावर तिचा तांब्या भरलेला असायचा. मी तो रोज बघायचो आणि रोज उचलून ठेवायचो. मला माझी लाज वाटली. मी संत्र्याच्या बिया टोचत बसलो होतो, आणि ज्याच्यासाठी तिला आईच हवी होती ते माझ्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

संध्याकाळी औषधांच्या दुकानात गेलो. मोठ्या माणसांचे डायपर मागितले. काउंटरवरच्या बाईंनी सहज विचारलं, कोणासाठी, वडिलांसाठी का? म्हटलं, नाही, माझ्यासाठी. त्यांनी मापासाठी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, तेव्हा लहान मापाचं द्या म्हणताना माझी त्रेधा उडाली. घरी आल्यावर न्हाणीत एकावर पेलाभर पाणी ओतलं. वरून कोरडं. आणखी एक पेला ओतला. तरी कोरडं. इतकं पाणी पिणारं कापड मी तीस वर्षांत विकलं नव्हतं. त्या रात्री मला शांत झोप लागली.

तिसऱ्या प्रयत्नाच्या सकाळी आम्ही गाडीनं निघालो. शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना रिकामे बांध लागले. मी रस्त्यावरची नजर न काढता म्हणालो, "मी परवा दुकानात पाच तास बसून पाहिलं. तिसऱ्या तासाले उठा लागलं मले."

तिनं खिडकीची काच वर केली.

"तू काहून पाणी पित नव्हती ते समजलं वं. मागच्या सीटवर पिशवी आहे. त्यात आहे ते. मी पाणी ओतून पाहिलं, चांगलं आहे."

मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुमाले कसं सांगणार होती मी, बाबा?"

"तेच तं," मी म्हणालो. "मीही कसं विचारणार होतो?"

मग आम्ही दोघं एकदमच हसायला लागलो. हसताना तिनं मागे हात घालून बाटली घेतली आणि रस्त्यातच अर्धी संपवली.

आता ती पुण्याला असते. सुटी मिळेल तेव्हा कुठे कुठे उडून येते आणि अजूनही उडायच्या आदल्या दिवशी सातूत गूळ किती, हे फोन करून विचारते. प्रमाण तिला पाठ आहे. तरी विचारते आणि मीही पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगतो. आमच्यात आता सगळेच विषय निघतात. उन्हाळ्यात दुपारी दुकानात मंदी असली की मी सवयीनं डाव्या हातानं दशमी खातो. नवं गिऱ्हाईक चमकून बघतं, जुन्यांना माहीत आहे. सुखाला काही फार लागत नाही असं मला अशा वेळी वाटतं.

त्या तिसऱ्या प्रयत्नाच्या दिवशी अकरा पंचवीसला तिची तार सुटली. पहिला तास ती आमच्या डोक्यावरच होती. मग ढगांखाली ढगांखाली करत लांब गेली, ठिपका झाली, आणि तोही दिसेना. मी खाली तिच्या वेळापत्रकानं खात होतो, तिच्या वेळी पाणी पीत होतो. रेडिओवर सर विचारायचे, पाणी? वरून उत्तर यायचं, झालं सर. आवाज मागच्या वेळेसारखाच होता. मागच्या वेळी तो खोटा होता. यावेळी खरा की खोटा हे मला इथून कळायला काही मार्ग नव्हता, आणि सर माझ्याकडे बघायचे तेव्हा त्यांच्याही मनात तेच असायचं. शेवटी लाज मोठी की तहान मोठी, हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

तिसरा तास सरला आणि आकाश मेलं. ढग विरले. ती परत दिसली ती फार खाली, धानाच्या शेतांवर, उतरायच्या बेताला आलेली. सर उठून उभे राहिले. तेवढ्यात पूर्वेकडच्या तळ्याच्या पाळीवरून चार-पाच घारी पंख न हलवता गोल गोल वर चढताना दिसल्या. स्नेहलनं वळण घेतलं आणि त्यांच्यात शिरली. एक घेर, दुसरा घेर, काही फरक दिसेना. पाचव्या-सहाव्या घेराला सर पुटपुटले, "चढून राहिली." मी खुर्चीची दांडी घट्ट धरली होती. ती सोडायला मला बोटं एकेक करून उलगडावी लागली.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी पाच तास झाले. सरांनी रेडिओवर तिला सांगितलं. ती म्हणाली, येते सर, हळूहळू येते. चार सदतीसला तिची चाकं धुळीत टेकली आणि आम्ही सगळे पळत सुटलो, टाळ्या वाजवत, शिट्ट्या मारत. एकानं पंख धरला. झाकण उघडलं. चेहरा लाल, केस चिकटलेले, ओठ मात्र ओले. पण ती उठेना. सगळे म्हणत होते बाहेर ये, फोटो काढू. ती पट्टे सोडून तशीच बसून राहिली. सर घाबरले, म्हणाले पाय बधिर झाले का, ऊन लागलं का, उचलून काढू का? तिनं मान हलवली आणि मला जवळ बोलावलं. मी वाकलो. ती माझ्या कानात म्हणाली, "बाबा, सगळ्यांले तिकडं चहाले घेऊन जा ना. मले उतरायचं आहे, अन् कपडे बदलायचे आहेत."

मी सरळ झालो आणि दुकानात ओरडतो तसा ओरडलो, चला, चला, चहा माझ्याकडून, सगळ्यांना, आत्ताच्या आत्ता. सरांना कळलं. त्यांनी एकही प्रश्न न विचारता सगळ्यांना पाठ फिरवायला लावली आणि शेडकडे घेऊन गेले.

ग्लायडरवर घालायची मोठी चादर बाजूला पडली होती. ती मी दोन्ही हातांनी खांद्याच्या वर ताणून धरली आणि पोरीकडे पाठ करून उभा राहिलो. जन्मभर मी लोकांसमोर कापड उलगडून दाखवत आलो, आडोसा म्हणून धरायची वेळ पहिल्यांदाच आली होती. समोर कुहीची रिकामी शेतं पसरली होती, गरम वारा चादरीत शिरत होता. मागे तिची खुडबूड चालली होती आणि मधूनच ती स्वतःशी हसत होती.

मग ती म्हणाली, "झालं बाबा, वळा आता."

मी लगेच वळलो नाही. दोन्ही हातांत चादर होती, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.